'सनसेट बुलेवार्ड'विषयीची मते कशी वाचावीत

बिली वाइल्डर दिग्दर्शित 'सनसेट बुलेवार्ड' हा चित्रपट १० ऑगस्ट १९५० रोजी न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये प्रदर्शित झाला. हॉलिवूडने स्वतःवरच काढलेल्या चित्रपटांत त्याचे नाव बहुधा सर्वांत आधी घेतले जाते. पाऊणशे वर्षांत त्याच्यावर इतके लिहिले-बोलले गेले आहे की आज तो पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या हाती चित्रपटापूर्वी त्याविषयीची मतेच पडतात. ही मते एकमेकांशी जुळत नाहीत. कोणाला तो शोकांतिका वाटतो, कोणाला काळा विनोद, तर कोणाला भयकथा. नायिका नॉर्मा डेसमंडची भूमिका करणाऱ्या ग्लोरिया स्वॉन्सन यांचा अभिनय कोणाला अद्वितीय वाटतो, तर कोणाला तो दहा मिनिटांतच असह्य होतो. चित्रपट मंडळात चर्चा घ्यायची असो, लेख लिहायचा असो किंवा केवळ स्वतःचे मत घडवायचे असो, या गलबल्यातून वाट काढण्याची एक पद्धत येथे मांडली आहे. चित्रपटधंद्यावरच्या चित्रपटाबद्दल बोलणारा माणूस पुष्कळदा त्या धंद्यात कोठेतरी गुंतलेला असतो. म्हणून त्याचे मत तोलण्याआधी तो कोठे उभा राहून आणि कोणत्या साली बोलत होता हे पाहावे, एवढाच या पद्धतीचा पाया आहे.

आधी चित्रपट

पहिली पायरी साधी असूनही ती सर्वाधिक वेळा ओलांडली जाते. एकही परीक्षण न वाचता चित्रपट एकदा सलग पाहावा. तो एकशे दहा मिनिटांचा आहे. कथा गुप्त ठेवण्याची काळजी येथे फारशी करावी लागत नाही, कारण पहिल्याच काही मिनिटांत पोहण्याच्या तलावात तरंगणारे प्रेत दिसते आणि त्या प्रेताचाच आवाज आपल्याला कथा सांगू लागतो. जो गिलिस हा कर्जात बुडालेला पटकथालेखक हप्ते थकल्यामुळे गाडी जप्त करायला आलेल्या माणसांना चुकवत एका जुन्या हवेलीत शिरतो. तेथे मूकपटांच्या काळातली विस्मृतीत गेलेली तारका नॉर्मा डेसमंड तिचा सेवक मॅक्स याच्यासह राहत असते. तिने पुनरागमनासाठी स्वतःच लिहिलेली अवाढव्य पटकथा जोने सुधारून द्यावी असे ठरते, आणि तो हळूहळू तिच्या पैशांवर जगणारा पुरुष बनतो.

पाहून झाल्यावर नॉर्मा, जो आणि मॅक्स या तिघांविषयी प्रत्येकी तीन-चार ओळी लिहून ठेवाव्यात. कोणाची कीव आली, कोणाचा राग आला, कोठे हसू आले आणि ते हसू चित्रपटाला अपेक्षित होते की नव्हते, एवढे लिहिले तरी पुरे. इतरांची मते वाचल्यानंतर आपली पहिली प्रतिक्रिया नकळत बदलते आणि ती मुळात काय होती हे आठवत नाही, म्हणून हे टिपण आधीच हवे.

धंद्यातली माणसे काय म्हणाली

यानंतर सर्वांत आधी वाचावीत ती चित्रपटसृष्टीतल्याच माणसांची मते, कारण त्यांच्या बोलण्यात स्वार्थ, भीती आणि आठवणी सर्वांत ठळक दिसतात. प्रदर्शनापूर्वी हा चित्रपट काढणाऱ्या पॅरामाउंट स्टुडिओच्या आवारात हॉलिवूडच्या मंडळींसाठी जो खेळ झाला, त्यानंतर एमजीएम या दुसऱ्या मोठ्या स्टुडिओचे सर्वेसर्वा लुई बी. मेयर वाइल्डर यांच्यावर सर्वांसमक्ष भडकले आणि ज्या धंद्याने तुम्हाला अन्न दिले त्याचीच तुम्ही बेअब्रू केली, अशा आशयाचे बोलले. हा प्रसंग जवळजवळ प्रत्येक लेखात येतो. वाइल्डर यांनी दिलेले उत्तर मात्र सांगणाऱ्यागणिक बदलते, कधी ते सभ्य असते तर कधी छापण्याजोगे नसते. अशा वेळी प्रसंग स्वीकारावा, अवतरणचिन्हांतले शब्द स्वीकारू नयेत. त्याच खेळानंतर अभिनेत्री बार्बरा स्टॅनविक यांनी गुडघे टेकून स्वॉन्सन यांच्या पोशाखाच्या काठाचे चुंबन घेतले, असे खुद्द स्वॉन्सन यांच्या १९८० च्या आत्मचरित्रात आहे. ही आठवण प्रत्यक्ष प्रसंगानंतर तीस वर्षांनी आणि जिचा सन्मान झाला त्या व्यक्तीने लिहिलेली आहे. ती खोटी मानण्याचे कारण नाही, पण तिचा उल्लेख करताना ती कोणाची आणि केव्हाची हे सांगणे आवश्यक आहे.

मेयर यांचा संताप समजायचा असेल तर त्या वर्षांतले हॉलिवूड पाहावे लागते. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट खटल्यात निकाल दिला आणि मोठ्या स्टुडिओंना आपापली चित्रपटगृहे सोडून देणे भाग पडू लागले. दूरचित्रवाणी घराघरांत शिरत होती आणि १९४७ पासून चित्रपटसृष्टीतल्या कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या संसदीय समितीच्या चौकशीने कलावंत-लेखकांमध्ये दहशत पसरली होती. सत्ता हातातून निसटत असलेल्या माणसाला, हा धंदा आपली माणसे वापरून फेकून देतो असे सांगणारा चित्रपट आवडणे कठीणच होते. मेयर यांना तर पुढच्याच वर्षी, १९५१ मध्ये, एमजीएममधून बाहेर पडावे लागले.

याच गटात पडद्यावरची माणसेही धरावीत, कारण वाइल्डर यांनी पात्रयोजनेतच धंद्याचा इतिहास गोवला आहे. मॅक्सची भूमिका करणारे एरिख फॉन स्ट्रोहाइम हे मूकपटांच्या काळातले थोर आणि खर्चिक दिग्दर्शक होते. नॉर्मा आपल्या दिवाणखान्यात स्वतःचा जुना मूकपट पाहते, तो त्यांनीच स्वॉन्सन यांना घेऊन १९२८-२९ मध्ये सुरू केलेला आणि अर्धवट राहिलेला 'क्वीन केली' आहे. सेसिल बी. डिमिल स्वतःच्याच भूमिकेत आहेत, आणि स्वॉन्सन यांना घडवणाऱ्या दिग्दर्शकांत ते खरोखरच होते. पत्त्यांच्या टेबलाभोवती बसलेल्या जुन्या कलावंतांत बस्टर कीटन आहेत. स्ट्रोहाइम यांना ही सेवकाची भूमिका आयुष्यभर सलत राहिली. तरीही नॉर्माला येणारी चाहत्यांची पत्रे मॅक्सच लिहितो ही कल्पना त्यांनीच सुचवली, असे वाइल्डर सांगत. एका कलावंताचे एका चित्रपटाविषयीचे मत किती दुभंगलेले असू शकते याचे याहून चांगले उदाहरण शोधायला जावे लागणार नाही.

ऑस्कर हेही धंद्यातल्या माणसांचेच मत असते. या चित्रपटाला अकरा नामांकने मिळाली, अभिनयाच्या चारही विभागांत त्याचे नाव होते, आणि प्रत्यक्षात कथा-पटकथा, कृष्णधवल कलादिग्दर्शन आणि संगीत ही तीन पारितोषिके मिळाली. सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला रंगभूमीवरच्या माणसांची कथा सांगणारा 'ऑल अबाउट ईव्ह'. यावरून हॉलिवूडला रंगभूमीची उडवलेली टर चालली, स्वतःची चालली नाही, असा निष्कर्ष अनेकजण काढतात. 'ऑल अबाउट ईव्ह'च्या नायिका बेट डेव्हिस आणि स्वॉन्सन यांच्यात मते विभागल्यामुळे जुडी हॉलिडे अभिनेत्रीचे पारितोषिक घेऊन गेल्या, असेही म्हटले जाते. दोन्ही तर्क आकर्षक आहेत. परंतु अकादमी मतांची आकडेवारी जाहीर करत नाही, त्यामुळे ते तर्क म्हणूनच लिहावेत. शिवाय ज्या मतदारांनी हा चित्रपट नाकारला असे म्हणतात, त्यांनीच त्याला अकरा ठिकाणी नामांकन दिले होते, याचा विसर पडू देऊ नये.

एव्हान्स्टनचे हसू

या चित्रपटाच्या बाबतीत प्रेक्षकांच्या मताने केवळ प्रतिसाद दिला असे झाले नाही, त्याने चित्रपट बदलला. मूळ सुरुवात शवागारात होती. तेथे आणलेली प्रेते एकमेकांशी बोलत आणि प्रत्येकजण आपण कसे मेलो ते सांगत असे, त्यांपैकीच एक जो गिलिस. इलिनॉय राज्यातल्या एव्हान्स्टन येथे चाचणीचा खेळ झाला तेव्हा प्रेक्षक या प्रसंगाला इतके हसले की पुढचा गंभीर भाग हाती लागेना. वाइल्डर यांनी तो प्रसंग काढून टाकला, आणि मृत निवेदक तेवढा ठेवून आज आपण पाहतो ती तलावाची सुरुवात केली.

ही हकीकत माहीत असली की १९५० ची परीक्षणे वेगळ्या प्रकाशात दिसतात. 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये थॉमस प्रायर यांनी चित्रपटाची मनापासून स्तुती केली, पण मेलेल्या माणसाकडून कथा सांगवणे ही युक्ती ब्रॅकेट-वाइल्डर या लेखकद्वयाला मुळीच शोभत नाही, सुदैवाने तिच्यामुळे चित्रपटाचे फार बिघडलेले नाही, असेही नोंदवले. म्हणजे एव्हान्स्टनच्या सामान्य प्रेक्षकाला जे हास्यास्पद वाटले, त्याचा उरलेला अंश न्यूयॉर्कच्या जाणकाराला खटकला. आज त्याच युक्तीला चित्रपटाची सर्वांत धीट कल्पना म्हटले जाते. माझ्या मते तिघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. जोचा आवाज स्वतःच्या मृत्यूबद्दलही थट्टेने बोलतो, आणि आपल्या आयुष्यावर पटकथालेखकासारखे शेरे मारणारा हा माणूस जिवंतपणीही स्वतःपासून असाच तुटलेला होता हे त्यातून कळते. पण ज्याला तो सूर सुरुवातीलाच रुचत नाही, त्याला पुढचे सारे कृत्रिम वाटणे स्वाभाविक आहे. तेव्हा कोणतेही नापसंतीचे मत वाचताना, या वाचकाची किंवा प्रेक्षकाची निवेदकाशी गट्टी जमली होती का, हा प्रश्न पहिल्यांदा विचारून पाहावा. पुष्कळशा मतभेदांची मुळे तेथेच सापडतात.

पहिली परीक्षणे कोठे शोधावीत आणि कशी वाचावीत

मूळ परीक्षणे शक्यतो पूर्ण वाचावीत, इतरांच्या लेखांतली दोन शब्दांची अवतरणे पुरेशी मानू नयेत. त्या काळातली अमेरिकन व्यापारी नियतकालिके आणि चाहत्यांची मासिके 'मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररी' या संग्रहात विनामूल्य चाळता येतात. पुण्यात राहणाऱ्यांना लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ग्रंथालयात चित्रपटविषयक पुस्तकांचा मोठा साठा उपलब्ध आहे. शोध घेताना चित्रपटाचे नाव दोन्ही प्रकारे टाकून पाहावे, कारण पडद्यावर ते रस्त्याच्या कडेच्या दगडावर रंगवलेल्या 'Sunset Blvd.' अशा संक्षिप्त रूपात येते आणि अनेक सूचींत तेच रूप वापरलेले आहे.

व्यापारी पत्रातले परीक्षण चित्रपटगृहाच्या मालकासाठी लिहिलेले असते. चित्रपट कोणत्या गावात चालेल हा त्याचा प्रश्न असतो. हा चित्रपट रेडिओ सिटीत सात आठवडे जोरात चालला, मोठ्या शहरांबाहेर मात्र त्याचा तेवढा जोर राहिला नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या परीक्षणांतली सावध वाक्ये का आली ते कळते. साप्ताहिकांची तऱ्हा वेगळी होती. 'टाइम'ने हॉलिवूडची वाईटात वाईट बाजू हॉलिवूडनेच आपल्या उत्तमोत्तम कसबाने सांगितली आहे असा निर्वाळा दिला, तर 'न्यूयॉर्कर'ने चित्रपटाला दिखाऊ ठरवून वासाच्या चीजची उपमा दिली. न्यूयॉर्कच्या साहित्यिक वर्तुळात हॉलिवूडकडे नाक मुरडून पाहण्याची जुनी सवय होती. हॉलिवूडने केलेली आत्मटीकाही तेथे सहजासहजी पदरात घेतली जाणार नव्हती, असे मला वाटते.

या सर्वांत शांतपणे आणि दोनदा वाचावा असा लेख अमेरिकन समीक्षक जेम्स एजी यांचा आहे. तो नोव्हेंबर १९५० मध्ये 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश चित्रपटविषयक नियतकालिकात आला. हॉलिवूडच्या कारागिरीचा हा जवळजवळ सर्वोच्च बिंदू आहे आणि इतकी चांगली कारागिरी त्या घडीला कोणत्याही देशात सापडणे अवघड आहे, असे ते म्हणतात. त्यांचे सर्वांत मोलाचे निरीक्षण मात्र वेगळेच आहे. चित्रपटातली जुन्या काळातली हरवलेली माणसे भव्य आणि बेफिकीर आहेत, आणि त्यांच्याशेजारी नव्या काळातली माणसे हुशार, जपून वागणारी व छोटी दिसतात, असे त्यांनी दाखवून दिले. हे वाक्य हाती घेऊन चित्रपट पुन्हा पाहिला की स्टुडिओत काम करणारी तरुणी बेटी शेफर आणि तिचा मित्र आर्टी यांचे प्रसंग फिके का वाटतात याचे एक उत्तर मिळते. आदल्याच वर्षी, १९४९ मध्ये, एजी यांनी 'लाइफ' साप्ताहिकात मूकपटांतल्या विनोदवीरांवर गाजलेला लेख लिहिला होता, तेव्हा त्यांचे मन मुळातच नॉर्माच्या युगाकडे झुकलेले होते. ही माहिती त्यांचे मत कमी करत नाही, फक्त ते कोणत्या बाजूने आले आहे ते सांगते.

नंतरचे समीक्षक आणि याद्या

नंतरच्या काळातील मतांबाबत एक खबरदारी घ्यावी लागते, ती म्हणजे समीक्षकाच्या नावाबरोबर वर्षही लिहून ठेवण्याची. अँड्र्यू सॅरिस यांनी १९६८ च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात वाइल्डर यांना दिसतात तेवढे मोठे नसलेल्या दिग्दर्शकांच्या गटात टाकले होते, पुढे मात्र ते मत त्यांनी जाहीरपणे मागे घेतले. ज्याला वाइल्डर आवडत नाहीत तो १९६८ चे सॅरिस उद्धृत करतो, ज्याला आवडतात तो नंतरचे. दोघेही अर्धीच गोष्ट सांगतात. रॉजर ईबर्ट यांनी १९९९ मध्ये या चित्रपटाला चित्रपटसृष्टीवरचे सर्वश्रेष्ठ नाट्य म्हटले, आणि त्याला खरेपणा देणारा, त्याला एकत्र बांधून ठेवणारा अभिनय स्ट्रोहाइम यांचा आहे असे प्रतिपादन केले. हे मत परंपरेपेक्षा वेगळे आहे, कारण बहुतेकांची नजर नॉर्मावरून हलत नाही. पडताळून पाहायचे असेल तर दुसऱ्या वेळी केवळ मॅक्सकडे पाहावे, विशेषतः तो जोला आपली खरी ओळख सांगतो तेव्हा आणि शेवटच्या जिन्याच्या प्रसंगात वृत्तचित्राच्या कॅमेऱ्यांमागे उभा राहून सूचना देतो तेव्हा. मला ईबर्ट यांचे म्हणणे पटते.

याद्यांवर फार वेळ घालवू नये. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटच्या यादीत हा चित्रपट १९९८ मध्ये बाराव्या आणि २००७ मध्ये सोळाव्या क्रमांकावर होता, पण त्या यादीत फक्त अमेरिकन चित्रपट असतात. 'साइट अँड साउंड'च्या २०२२ च्या जागतिक पाहणीत तो अठ्ठ्याहत्तराव्या स्थानावर इतर काही चित्रपटांसमवेत आला. त्या पाहणीत प्रत्येक समीक्षक केवळ दहा नावे देतो, म्हणून क्रमांकावरून इतकेच कळते की किती जणांच्या पहिल्या दहांत तो बसला. अकराव्या स्थानी तो किती जणांच्या मनात होता हे कोणत्याच यादीत दिसत नाही.

आजचे प्रेक्षक

आजच्या प्रेक्षकांच्या मतांचा ढीग सर्वांत मोठा आहे आणि तो वाचण्यात सर्वांत अधिक कौशल्य लागते. १९५० चा प्रेक्षक शनिवारी संध्याकाळी जे लागले असेल ते पाहायला जात होता. आज पाऊणशे वर्षांपूर्वीचा कृष्णधवल चित्रपट शोधून पाहणारा मनुष्य तो आवडून घ्यायच्या तयारीनेच बसतो, किंवा अभ्यासक्रमात आहे म्हणून नाइलाजाने बसतो. त्यामुळे ताऱ्यांची सरासरी ही वास्तविक या दोन गटांच्या प्रमाणाची खूण असते. तिच्याऐवजी मधल्या गुणांची, म्हणजे आवडलेही आणि खटकलेही असे सांगणारी मते आधी वाचावीत. त्यांत कारणे असण्याची शक्यता सर्वाधिक असते.

वारंवार येणारा एक आक्षेप अतिअभिनयाचा असतो. तो तपासण्यासाठी स्वॉन्सन यांचे तीन प्रसंग एकामागोमाग पाहावेत. दिवाणखान्यात प्रोजेक्टरच्या झोतात उभी राहून ती जगाला आव्हान देते तो पहिला, जोचे मन रिझवण्यासाठी चॅप्लिनची नक्कल करते तो दुसरा, आणि पॅरामाउंटच्या स्टुडिओत जाऊन डिमिल यांच्या खुर्चीवर बसते तो तिसरा. पहिल्यात डोळे आणि बोटे मूकपटातल्यासारखी चालतात, दुसऱ्यात ती हलकी आणि खरोखरच विनोदी आहे, तिसऱ्यात तिचा चेहरा उघडा पडतो. आक्षेप घेणाऱ्याने हे तिन्ही सूर एकच समजले आहेत का हे लगेच लक्षात येते. स्वॉन्सन यांच्याऐवजी नॉर्मा अभिनय करत असते, आणि ती तो कधी थांबवते हे पाहण्यासारखे आहे. इतके पाहूनही ज्याला तो भडक वाटतो, त्याचे मत मग रुचीचे मत म्हणून मान्य करावे.

स्वॉन्सन यांनी स्वतःचीच भूमिका केली, हा दुसरा लोकप्रिय समज वस्तुस्थितीला धरून नाही. त्यांना बोलपट जमला नाही असे मुळीच नव्हते. १९२९ च्या 'द ट्रेसपासर' या बोलपटासाठी त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले होते, आणि १९४८ मध्ये त्या न्यूयॉर्कमध्ये दूरचित्रवाणीवर स्वतःचा कार्यक्रम करत होत्या. हवेलीत कोंडून घेणारी बाई आणि त्या यांत वय व भूतकाळ सोडला तर साम्य थोडेच आहे. प्रत्यक्ष हवेलीही सनसेट बुलेवार्डवर नव्हती. ती विल्शायर बुलेवार्डवर होती आणि १९५७ मध्ये पाडली गेली, त्यामुळे लॉस एंजेलिसला जाणाऱ्यांनी ती शोधण्यात वेळ दवडू नये.

वयाबाबतचे मतभेद मात्र खरे आणि खोल आहेत. अनेक तरुण प्रेक्षक विचारतात की पन्नाशीच्या स्त्रीला म्हातारी आणि भयानक ठरवणारा हा चित्रपट स्त्रीद्वेष्टा नाही का? या प्रश्नाला काळ वेगळा होता म्हणून झटकून टाकणे हे आळशीपणाचे उत्तर आहे. चित्रीकरणाच्या वेळी स्वॉन्सन पन्नास वर्षांच्या होत्या आणि जोची भूमिका करणारे विल्यम होल्डन एकतीस वर्षांचे. नायक पन्नाशीचा आणि नायिका तिशीची असती तर त्या काळी कोणाला त्यात विकृती दिसली नसती. पण चित्रपटानेच या आक्षेपाचे उत्तर, किंवा निदान पुरावा, पडद्यावर ठेवला आहे. नॉर्माला संपलेली ठरवणाऱ्या त्याच स्टुडिओत सत्तरीकडे झुकलेले डिमिल ऐटीत आपला पुढचा भव्य चित्रपट करत आहेत, आणि कोणीही त्यांना वयाची आठवण करून देत नाही. याच प्रसंगात ध्वनिग्राहकाचा दांडा नॉर्माच्या टोपीवरील पिसाला घासून जातो आणि ती तो तिरस्काराने दूर सारते. वरच्या मचाणावरचा एक जुना दिवेवाला तिला ओळखून तिच्यावर दिव्याचा झोत टाकतो, माणसे गोळा होतात, आणि डिमिल दिवा पुन्हा जागच्या जागी वळवायला सांगतात. स्टुडिओतून तिला फोन येत होते ते तिच्या जुन्या मोटारीसाठी, हे कळल्यावरही ते तिला सांगत नाहीत. ही दया की भेकडपणा? डिमिल यांच्याविषयी तुमचे मत काय होते यावर संपूर्ण चित्रपटाविषयीचे तुमचे मत बऱ्याच अंशी ठरते. चर्चेत एकच प्रसंग पुन्हा दाखवायला वेळ असेल तर हाच दाखवावा.

जो अजिबात आवडत नाही, ही तक्रार थोडक्यात निकालात काढता येते. तो आवडावा अशी योजनाच नाही.

हीच पद्धत 'कागज के फूल'ला

मराठी वाचकाला या पद्धतीचा सराव घराजवळ करायचा असेल तर गुरुदत्त यांचा १९५९ चा 'कागज के फूल' घ्यावा. भारतातला हा पहिला सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा, चित्रपट. मुंबईच्या स्टुडिओतल्या एका दिग्दर्शकाच्या ऱ्हासाची ही कथा त्या वेळच्या प्रेक्षकांनी नाकारली, आणि त्यानंतर गुरुदत्त यांनी दिग्दर्शक म्हणून आपले नाव पुन्हा कधी लावले नाही. धंद्याचे मत येथेही दुभंगलेले होते. व्ही. के. मूर्ती यांना छायालेखनासाठी आणि आपले मराठी चित्रकार एम. आर. आचरेकर यांना कलादिग्दर्शनासाठी फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, म्हणजे तिकीटबारीवर पडलेल्या चित्रपटाचे कसब पारितोषिके देणाऱ्यांना दिसले होते. पुढे गुरुदत्त यांच्या अकाली मृत्यूची छाया या चित्रपटावर इतकी दाट पडली की आजची बहुतेक मते चित्रपटाऐवजी चरित्राबद्दल बोलतात. चित्रपटातला दिग्दर्शक सुरेश सिन्हा म्हणजेच गुरुदत्त असे गृहीत धरणारे मत आणि नॉर्मा म्हणजेच स्वॉन्सन असे मानणारे मत हे एकाच कुळातले आहे, आणि त्याची तपासणीही तशीच करावी. पडद्यावर काय दिसते याकडे परत यायचे असेल तर अरुण खोपकर यांचे 'गुरु दत्त : तीन अंकी शोकांतिका' हे राष्ट्रीय पारितोषिकप्राप्त पुस्तक वाचावे. प्रकाश, अवकाश आणि कॅमेऱ्याची हालचाल यांच्या आधारे मत कसे मांडावे याचा तो मराठीतला वस्तुपाठ आहे.

स्वतःचे मत लिहिताना

इतके वाचून झाल्यावर सुरुवातीचे टिपण काढावे आणि चित्रपट दुसऱ्यांदा पाहावा. जे मत बदलले त्यापुढे ते कोणाच्या लेखामुळे आणि कोणत्या प्रसंगामुळे बदलले हे लिहावे. प्रसंगाचे नाव लिहिता येत नसेल तर बदल उसना आहे असे समजून मूळ मत ठेवावे. लेखात दुसऱ्याचे मत घेताना त्याचे नाव, वर्ष आणि तो धंद्यातला, वृत्तपत्रातला की सामान्य प्रेक्षक होता हे एका वाक्यात सांगावे.

मंडळात चर्चा असेल तर चित्रपट न आवडलेल्यांना आधी बोलू द्यावे, कारण जाणकारांनी स्तुती केल्यानंतर ती माणसे गप्प बसतात आणि सभा एकसुरी होते. दोन तट पडले तर शवागाराच्या काढून टाकलेल्या प्रसंगाची हकीकत सांगून, तो ठेवायला हवा होता का, असा प्रश्न टाकावा. उत्तर देण्यासाठी प्रत्येकाला चित्रपट आपल्याला विनोदी वाटला की करुण हे ठरवावेच लागते. चर्चेच्या टिपणावर तारीख घालावी आणि कोणती प्रत दाखवली तेही नोंदवावे, कारण जॉन सायट्झ यांच्या छायालेखनातल्या हवेलीच्या अंधाराविषयी फिकट प्रतीवरून दिलेले मत चांगल्या प्रतीवर टिकेलच असे नाही.